गावाच्या कोणत्या बाजूला

लातूर जिल्हा झाला आणि माझं डोकं फिरलं. लोक म्हणायचे, मास्तरांचं नशीब बघा, बायको लई हुशार मिळाली. हुशारी कसली, हव्यास होता. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं सांगता सांगता मी माझीच बाजू घेणार. तो माझा स्वभाव आहे आणि या वयात तो काही जायचा नाही.

माझे वडील नांदेडला रेल्वेत गँगमन होते. आम्ही सगळी भावंडं क्वार्टरमध्ये वाढलो. वडील रिटायर झाले तेव्हा क्वार्टर सोडायची होती, तर माझ्या आईनं आदल्या दिवशी चूल सारवली, भिंतींना चुना लावला, फरशी धुतली आणि मग चावी दिली. मी म्हटलं, आई, येड लागलंय का तुला, दुसऱ्याच्या घराला चुना कशाला? ती बोळात सामानावर बसून रडली. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच बसलं की घर पाहिजे, आणि एकानं भागायचं नाही.

लग्न झालं ते प्राथमिक शाळेतल्या मास्तरांशी. त्यांचं गाव रेणापूरकडचं, नोकरी लातुरात. सगळं जग त्यांना मास्तर म्हणायचं, मग मीही घराबाहेर मास्तरच म्हणायला लागले. माणूस हळू बोलणारा, सावकाश जेवणारा. आम्ही दोघंही बौद्ध घरातले. त्यांच्या वडिलांनी घरातले देव नदीत सोडले तेव्हा मास्तर सहा वर्षांचे होते. गावानं त्यांच्या घराला काम देणं बंद केलं आणि त्यांची आई कित्येक महिने दुसऱ्या गावाला मजुरीला चालत जायची. हे त्यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितलं होतं. मी ऐकलं आणि विसरून गेले, ही माझी चूक.

जिल्हा झाला म्हणजे काय झालं, तर कचेऱ्या आल्या, कोर्ट आलं, साहेब लोक आले, त्यांचे कारकून आले. आणि घरं काही नव्हती. लोक ट्रंका घेऊन लॉजवर पडलेले, बायका-पोरं अजून गावाकडं. दुसरीकडं पाऊस रुसलेला. एक साल गेलं, दुसरं गेलं. गावात जुनी मातीची घरं असलेले लोक पुण्याकडं, औरंगाबादकडं कामाला निघालेले, मिळेल त्या भावात घर देऊन टाकायला तयार. एका हाताला विकणारे, एका हाताला घेणारे, आणि मधे मी. माझे दागिने आणि वडिलांचा फंड यावर पहिलं घर घेतलं. मास्तर म्हणाले, "आपल्याला राहायला हाय ना?" मी म्हटलं, "हाव, राहायलाच की."

राहायचो आम्ही, त्यात खोटं काही नाही. कामाची पद्धतच तशी होती. घर घ्यायचं, त्यातच राहायचं, आणि एकेक खोली करत जायची. मातीचं माळवद उतरवायचं, पत्रे नाहीतर स्लॅब टाकायचा, खाली शहाबादी फरशी, भिंतीला चुन्यात नीळ घालून दोन हात, नळ नसला तर नळ. मी गवंड्याच्या डोक्यावर उभी राहायची. एका कोपऱ्यात माझा स्टोव्ह, दुसऱ्या कोपऱ्यात सिमेंटची पोती. पोरगी तेव्हा तीन वर्षांची होती, तिच्या दुधात वाळू यायची. घर तयार झालं की विकायचं आणि बोऱ्याबिस्तरा घेऊन पुढच्या पडक्यात. बंद घर गिऱ्हाइकाला पटत नाही, चूल पेटलेली दिसली की पटतं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

पहिल्या घराला दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली. दोन्ही वेळा सारखंच झालं. नवरा-बायको आत आले, फरशी बघितली, नळ सोडून बघितला, खूश झाले. मग बैठकीच्या भिंतीकडं नजर गेली. तिथं बुद्धांची तसबीर आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो, आमच्यातल्या प्रत्येक घरात असतो तसा. मी केलेला चहा बाईनं तसाच ठेवला. "कळवतो" म्हणाले. कळवलं नाही.

घरं दाखवणारा आमचा दलाल म्हणजे एक म्हातारे चाचा, चौकात पानाची टपरी होती त्यांची. ते म्हणाले, "बाई, खफा होऊ नका. ती भिंत तेवढी मोकळी ठेवा."

मी खफा झालेच. टपरीवर चार माणसांसमोर त्यांना असं झापलं की ते सुपारी कातरायची विसरले. घरी येऊन मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "बरं केलंस." तीन आठवडे एकही माणूस घर बघायला आला नाही. चौथ्या आठवड्यात कोषागारातला एक कारकून येणार होता. त्या सकाळी मास्तर शाळेत गेल्यावर मी स्टुलावर चढले, दोन्ही फोटो काढले, साडीत गुंडाळले आणि ट्रंकेत ठेवले. घर त्याच दिवशी ठरलं.

संध्याकाळी मास्तर आले. भिंतीकडं बघितलं, खिळ्यांकडं बघितलं, ट्रंक उघडली आणि फोटो परत जागेवर लावले. मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर मी भांडले असते, आणि भांडणात मी हरत नाही. न बोलणाऱ्या माणसापुढं माझं काही चालत नाही.

मग ते नेहमीचंच झालं. गिऱ्हाईक यायचं म्हटलं की फोटो ट्रंकेत, गेलं की मास्तर परत लावणार. आमचं आडनाव गावावरून पडलेलं, त्यावरून काही कळायचं नाही. तिसऱ्या घराच्या वेळी मला आणखी एक अक्कल सुचली. रिकामे खिळे वाईट दिसतात म्हणून किराणा दुकानातनं लक्ष्मीचं कॅलेंडर आणलं आणि एका खिळ्याला टांगलं. त्या दिवशी मास्तर जेवले नाहीत.

"मोकळी भिंत मी सोसली," ते म्हणाले. "हे काय करायलीस?"

"कॅलेंडर हाय नुसतं. तारखा बघायला."

"माझ्या बापानं कशापायी सोसलं मग?"

मी म्हटलं, "तुमच्या बापानं सोसलं म्हणून माझ्या पोरीनं मातीच्या घरात राहायचं का?" असलं बोलायला मला कधी वेळ लागला नाही. ते उठून अंगणात गेले. कॅलेंडर मात्र मी नंतर गुंडाळून जपून ठेवलं, पुढच्या वेळेसाठी.

चौथं घर नव्या कचेरीच्या मागच्या गल्लीत मिळालं. गल्ली चांगल्या लोकांची, म्हणजे लोक ज्यांना चांगले म्हणतात त्यांची. घर बसकं होतं, पण मागं अंगणात विहीर होती आणि त्या उन्हाळ्यात, गावातले निम्मे नळ कोरडे पडायला लागले होते तेव्हा, त्या विहिरीला पाणी होतं. गल्लीतल्या बायका घागरी घेऊन यायच्या. मी कुणाला नाही म्हटलं नाही. फोटो आतल्या खोलीत होते, त्यामुळं त्यांनी आम्हाला आपल्यातलंच समजलं होतं. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही आणि मास्तरांनाही करू दिला नाही.

मास्तरांचा जीव त्या घरात अडकला. शाळेतून आले की विहिरीच्या काठावर बसायचे, पोरीला पाढे म्हणायला लावायचे. एक दिवस मला म्हणाले, "आता बास. इथंच राहू. दारातून आत आलं की समोर जी भिंत हाय, तिथं फोटो लावू. गल्लीला दिसंल असे. ज्याला यायचं तो येईल पाण्याला, न्हाई तर न्हाई."

नऊ वर्षांच्या संसारात त्यांनी मला एवढंच मागितलं होतं. एका गल्लीत आपण जे आहोत ते म्हणून उघड राहायचं. साडी न्हाई, सोनं न्हाई, गाडी न्हाई. मी म्हटलं, "हाव. तेवढं गच्चीचं काम होऊ द्या." आणि मनातून खरंच हो म्हटलं होतं, निदान त्या दिवशी.

दुसऱ्याच आठवड्यात चाचा सांगत आले की कोपऱ्यावरचं मोठं घर निघालंय, म्हातारा-म्हातारी पोराकडं चाललेत. मी मास्तरांना न विचारता त्याचा इसार दिला. ते घ्यायचं तर विहिरीचं घर विकावं लागणार होतं. विहीर काय, कोपऱ्यावरच्या घरात पण खणता येईल, असं मी स्वतःला सांगितलं. फोटो तिकडं लावू, एका वर्षाचा तर प्रश्न. मी चाचांना म्हटलं, गिऱ्हाईक आणा.

चाचांनी पाठवलेलं गिऱ्हाईक रविवारी दुपारी आलं. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी उभी करून ठेवली होती. पाटबंधारे खात्यातला नवा इंजिनिअर, नुकतीच मिशी फुटल्यासारखा कोवळा, आणि बरोबर बायको, सात महिन्यांची पोटुशी. मास्तर मागं अंगणात होते. त्यांना मी सांगितलं होतं की नात्यातली माणसं घर बघायला येतायत. ते विहिरीकडं गेल्यावर फोटो ट्रंकेत गेले होते आणि लक्ष्मी बैठकीतल्या खिळ्यावर आली होती.

पोरगा बोलायला नम्र. म्हणाला, "भाड्यानं घर मिळेना म्हणून विकतच घ्यावं म्हणतोय. सासऱ्यांनी मदत केली." मी फरशी दाखवली, गच्ची दाखवली. मग बसल्यावर विचारलं, "गाव कोणतं?" त्यानं गाव सांगितलं. मी विचारलं, "गावात घर कुणीकडं?"

ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडं जात कुणी तोंडावर विचारत नाही. गावाच्या कोणत्या बाजूला घर, एवढं विचारतात. त्याच्या उत्तरात सगळं येतं. मला आयुष्यभर हे विचारलं गेलं होतं, शाळेत, दवाखान्यात, एसटीत शेजारी बसलेल्या बाईनं. आणि त्या दुपारी ते माझ्या तोंडून आलं, सहज, खुर्ची पुढं सरकवावी तसं.

त्याचा चेहरा बदलला. बायकोकडं बघून तो म्हणाला, "गावाच्या पूर्वेला."

म्हणजे तो आमच्यातलाच होता. माझ्या आज्याचं गावाकडचं घर पूर्वेला, मास्तरांचं पूर्वेला. मी तेव्हाच उठून ट्रंक उघडायला पाहिजे होती. पण मला काय आठवलं सांगू? कोपऱ्यावरचं घर. चाचा म्हणाले होते, गल्लीत एकजण जरी तसला आला तर बाकीच्यांचे भाव बसतात. मी इसार देऊन बसले होते. मी म्हटलं, "माफ करा, आमच्या ह्यांचा विचार बदललाय. घर द्यायचं न्हाई आता."

तो उठला. असं उठायची त्याला सवय असावी, लगेच उठला. त्याची बायको म्हणाली, "ताई, थोडं पाणी मिळंल का?"

आणि मी म्हटलं, "आज नळ आला न्हाई."

मागं विहिरीवर रहाट वाजत होता. तिनं ऐकला, मी ऐकला, सगळ्यांनी ऐकला. मला आजही कळत नाही मी असं का म्हटलं. पाण्याला मी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. ती माणसं लवकर जावीत एवढंच मनात होतं, मास्तर आत यायच्या आधी.

मास्तर आलेच. ते मागच्या दारात उभे होते, किती वेळ कोण जाणे. त्यांनी हातातली बादली खाली ठेवली, तांब्या बुडवून भरला, ओल्या हातानं त्या पोरीपुढं धरला आणि तिच्या नवऱ्याकडं बघून म्हणाले, "जयभीम."

त्या पोरानं मास्तरांकडं बघितलं. मग भिंतीवरच्या लक्ष्मीकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्याचे डोळे भरून आले ते रागानं, मला दिसलं. त्याला वाटलं मास्तर चेष्टा करतायत. घर द्यायचं नाही, पाणी द्यायचं नाही, वर जाता जाता जयभीम घालून हिणवतायत. त्यानं तांब्या बायकोच्या हातातून घेतला, न पिता उंबऱ्यावर ठेवला, तिचा हात धरला आणि बाहेर पडला.

मास्तर जागेवर उभे राहिले. मग पळाले. माझा नवरा पळताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितला, अनवाणी, धोतराचा सोगा हातात धरून. गल्लीतल्या बायका दारात आल्या. रिक्षा निघून गेली. मास्तर परत आले तेव्हा पाय चटका बसून लाल झाले होते. बसले आणि म्हणाले, "त्या पोरानं मला त्यांच्यातला समजलं."

दुसरं काही करायला शिल्लक नव्हतं म्हणून मी त्याच संध्याकाळी फोटो समोरच्या भिंतीवर लावले, दार सताड उघडं ठेवून. दुसऱ्या दिवशी विहिरीवर एकही घागर आली नाही. टँकरच्या रांगेत गल्लीतल्या बायका उभ्या दिसल्या. मी आत येऊन मास्तरांना म्हटलं, "बघा, मी म्हणत नव्हते?" अशा वेळी सुद्धा मला जिंकायचं होतं. ते म्हणाले, "तुझं खरं हाय." पुढं टँकर चार दिवस आला नाही तेव्हा दोघी आल्या, खाली मान घालून. बाकीच्या लांबून पाणी आणत राहिल्या. कोपऱ्यावरचं घर मी घेतलं नाही. इसार बुडाला. त्यानंतर मी घराचा धंदाच केला नाही.

मास्तर तीन-चार वेळा पाटबंधारेच्या कचेरीत जाऊन आले. नाव माहीत नव्हतं, नुसतं वर्णन सांगायचे. तिथला शिपाई शेवटी म्हणाला, ते साहेब बदली मागून गेले. कुठं गेले ते त्यालाही माहीत नव्हतं.

विहिरीच्या घरात आम्ही पुढं अकरा वर्षं राहिलो. फोटो समोर होते, दार उघडं होतं, जे मास्तरांनी मागितलं ते सगळं तिथं होतं आणि त्यांचं मन त्यात नव्हतं. माझ्याशी वाईट वागले नाहीत. पण पूर्वी शाळेतून आले की काहीबाही सांगायचे, ते बंद झालं. शेवटच्या आजारात एकदा म्हणाले, "त्या बाईच्या पोटातलं लेकरू आता शाळेत असंल." मी म्हटलं, हाव. ते गेले तेव्हा मी मोठ्यानं रडले, आणि रडताना मला कळत होतं की माणूस मी त्या रविवारीच घालवला होता.

आता मी नांदेडला लेकीकडं असते. पौर्णिमेला विहारात जाते. गेल्या वर्षी तिथं एक बाई शेजारी बसल्या, माझ्यापेक्षा थोड्या लहान. बोलता बोलता म्हणाल्या, सून घर बघतेय, कुणी दाद देत नाही, आडनाव ऐकलं की फ्लॅट विकला गेलेला असतो. मग म्हणाल्या, "आमच्या वेळी पण असंच होतं. ह्यांची पहिली पोस्टिंग लातूरला, पाटबंधारेत. दुष्काळाचं साल. मी गरोदर. किती घरं बघितली, कुठंच जमेना."

मी विचारलं, "कचेरीच्या मागं बघितलं होतं का एक? विहिरीचं?"

"असली लई घरं झाली हो. कोणतं म्हणून आठवावं?" मग त्यांनाच आठवलं. "विहिरीचं होय. तिथला माणूस आमच्या मागं पळत आला होता, अनवाणी. आम्हाला वाटलं मारायला आला. ह्यांनी मला रिक्षात ढकललं. मी पोटावर हात धरून देवाला... म्हणजे काय काय पुटपुटत होते. त्यानंतर ह्यांनी लातुरात घर बघितलंच नाही."

इतकी वर्षं मला वाटायचं की मास्तर उशिरा पोचले. ते पोचले होते. त्यांना बघूनच रिक्षा हलली होती.

मी म्हटलं, "ते माझे मालक. आपल्यातलेच. तुम्हाला घर द्यायला पळत होते."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. ओळख पटायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी अगदी साधं विचारलं, आवाज न चढवता, "मग तुम्ही का नाही म्हणालात?"

आयुष्यात मला उत्तर सुचलं नाही असं फार झालेलं नाही. त्या वेळीही चार सुचली, पोरगी लहान होती, वडिलांचा फंड अडकला होता, काळच तसा होता. पण त्यांच्यासमोर ती तोंडातून निघेनात. मी खरं ते सांगितलं, "त्याच गल्लीत मला अजून एक घर घ्यायचं होतं."

त्यांनी मान हलवली, पिशवी उचलली आणि दाराजवळ जाऊन आपल्या चपला शोधायला लागल्या.